एक वाटी अगत्ती

माझं पोट वाढायला लागलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते, मुलगी कोइंबतूरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होती, आणि त्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी मला न मागता कैऱ्या पाठवल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं मोजून अकरा. कुणाकडे काय शिजतंय ते सगळ्यांना माहीत असतं, विचारत मात्र कुणी नाही. कैऱ्या चांगल्या होत्या. मी त्यांचं लोणचं घातलं आणि निरोप धाडला की बातमी खोटी आहे, पण कैऱ्या परत मिळणार नाहीत.

पोट मात्र खरं होतं. मी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे. कालव्याच्या पाण्याची पातळी रोज मोजून घेणं, कुठलं शटर किती उचलायचं ते ठरवणं, हे माझं काम. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे दिसेल त्याचं माप घ्यायची खोड जडली आहे. माझ्या साडीला सात निऱ्या यायच्या. मार्चमध्ये सहा आल्या, रामनवमीला पाच. हात मात्र काटकुळे झाले होते. चार घास खाल्ले की पोट गच्च, उजव्या बरगडीखाली सतत काहीतरी जड, आणि संध्याकाळपर्यंत पावलं इतकी सुजायची की चपलेचा पट्टा रुतायचा.

घरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासू. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्या लोकांत आत्याच्या घरी मुलगी देण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे लग्न झालं तरी मला हाक बदलावी लागली नाही. आत्या तेव्हा बहात्तर वर्षांची होती. वाळकी, ताठ, पहाटे विहिरीच्या पाण्याने अंघोळ करणारी. जगातल्या सगळ्या गोष्टींचे तिच्याकडे दोनच भाग होते, चालतं आणि चालत नाही. कांदा चालत नाही. बाहेरची कॉफी चालत नाही. थोडंसं चालतं, कधीतरी चालतं, असलं काही तिच्याकडे मिळायचं नाही. एकादशीला ती पाण्याचा थेंबही घेत नसे, आणि त्या दिवशी आमची चूल पेटत नसे. नवरा आणि मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली खाऊन कामावर जायचो. एकादशीला भाताच्या शितात जगातली सगळी पापं येऊन बसतात, असं तिने मला मी पाच वर्षांची असताना सांगितलं होतं. त्यानंतर बराच काळ मी रोजचा भातही नीट निरखून खायचे.

गावातल्या डॉक्टरांनी महिनाभर गॅसच्या गोळ्या दिल्या. निऱ्या चारवर आल्या. मग त्यांनी सोनोग्राफी करून घेतली, रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि तमिळमध्ये अगदी हळू आवाजात विचारलं, "दारू वगैरे घेता का?"

शेजारी आत्या बसली होती. ती बाहेरची कॉफी पीत नाही हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार? आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग आमच्या भाषेत मला विचारलं, "घेतेस काय गे? खरं सांग, मी रागवत नाही." मला इतकं हसू आलं की पोट दुखायला लागलं, आणि डॉक्टरांना वाटलं ते दुखणं यकृताचंच आहे. त्यांनी लगेच त्रिचीच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली. म्हणजे एका अर्थी त्या हसण्याने माझा जीव वाचला.

त्रिचीच्या डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी लहान होत्या, आणि त्यांना समजावून सांगायची आवड होती. त्यांनी कागदावर एक यकृत काढलं. ते वांग्यासारखं दिसत होतं. यकृतात रक्त दोन वाटांनी येतं, त्या म्हणाल्या, आणि बाहेर तीन शिरांनी जातं. या तीन शिरा वरच्या मोठ्या शिरेला मिळतात, तिथून रक्त हृदयाकडे. तुमच्या तीनपैकी दोन शिरा रक्ताच्या गाठीने बंद आहेत आणि तिसरी अरुंद झाली आहे. आत यायचं थांबलेलं नाही, जायला वाट नाही. म्हणून यकृत फुगलं, आणि पाणी झिरपून पोटात साचलं. हा आजार फार कमी लोकांना होतो, म्हणून पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. मला मात्र, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. तीन महिने माझ्या शरीरात काय चाललंय ते मला कळत नव्हतं, आणि न कळण्याचाच मला सगळ्यात जास्त राग होता. हे तर मी रोज बघते. आमच्याकडे शेताला पाणी देणारा कालवा वेगळा आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर नेणारा नाला वेगळा. त्या नाल्याला वडिकाल म्हणतात. वडिकालात जलपर्णी माजली की वरचं पाणी चालूच राहतं, शेत बुडतं, भात कुजतो, आणि शेतकरी येऊन आम्हाला शिव्या देतात. मी डॉक्टरांना म्हटलं, "म्हणजे माझा वडिकाल तुंबलाय." त्या त्रिचीच्याच होत्या. एकदम खूश होऊन म्हणाल्या की आजवर हे त्यांनी असं कुणाला सांगितलं नव्हतं, यापुढे असंच सांगतील.

आजाराला दोन परदेशी डॉक्टरांच्या नावांचं जोडनाव आहे. आत्याने ते कधीच उच्चारलं नाही. कुणी विचारलं की ती सांगायची, "तिचा वडिकाल तुंबलाय," आणि खालच्या भागातून भाजी विकायला येणाऱ्या बायकांना ते लगेच कळायचं. रक्ताच्या तपासण्यांत निघालं की माझ्या रक्तालाच गोठण्याची सवय आहे, जन्मापासून, बहुधा वडिलांच्या बाजूने आलेली. वडिलांची बाजू म्हणजे आत्याचीच बाजू. ती दोन दिवस अस्वस्थ होती. मग तिने ठरवून टाकलं की आमच्या घराण्याचं रक्तच दमदार आहे, आणि तो विषय मिटवला.

जूनमध्ये धरणाचं पाणी सोडतात. माझ्या नोकरीतला हा एकच दिवस मला सणासारखा वाटतो. कोरड्या कालव्यात आधी पाण्याची जीभ येते, मग फेस, मग काठावरची पोरं ओरडत पाण्याबरोबर धावतात. त्या वर्षी पाणी आमच्या शटरपर्यंत पोहोचलं त्या सकाळी मी त्रिचीला टेबलावर आडवी होते, आणि एक तज्ज्ञ माझ्या मानेच्या शिरेतून बारीक तार आत घालत होते. मला गुंगी होती पण जाग होती. तार यकृताच्या शिरेपर्यंत गेली, मग फुग्याने अरुंद जागा रुंद केली, मग तिथे धातूची बारीक जाळी बसवली, शीर पुन्हा मिटू नये म्हणून. शिरेत सोडलेलं औषध पडद्यावर काळं दिसत एकदम वर सरकलेलं मी पाहिलं. "आलं पाणी," मी म्हणाले म्हणे. मला आठवत नाही. नवऱ्याला आठवण्याचा प्रश्नच नव्हता, तो सुई बघूनच बाहेर बाकावर आडवा झाला होता आणि एक नर्स त्याला वारा घालत होती.

पोट उतरायला लागलं. मीठ जवळजवळ बंद, लघवीच्या गोळ्या, आणि रोज सकाळी मी टेपने पोटाचा घेर मोजून वहीत लिहायचे, कालव्याचं गेज लिहितात तसाच, वेळ घालून. जुलै अखेरीस पुन्हा सात निऱ्या आल्या. सातवी निरी खोचली त्या दिवशी मी आत्याला बोलावून दाखवली. तिने मोजली, पुन्हा मोजली, आणि देवापुढे साखर ठेवली.

आता एकच गोष्ट सांभाळायची होती. जाळीत पुन्हा रक्त गोठू द्यायचं नव्हतं. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी, बहुधा जन्मभर. ती किती चालतेय हे कळायला दर सोमवारी रक्त द्यायचं, आणि त्याचा एक आकडा यायचा. दोन ते तीनच्या मध्ये राहिला तर ठीक. दोनच्या खाली गेला तर रक्त घट्ट, जाळी बुजायची भीती. वर गेला तर उलट, कुठूनही रक्त येईल. डॉक्टरांनी छापील कागद दिला होता. त्यात पालेभाज्यांबद्दल लिहिलं होतं, की त्यातलं एक जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं, म्हणून पालेभाजी रोज सारख्याच प्रमाणात खावी.

तो कागद मी आत्याला तमिळमधून मोठ्याने वाचून दाखवला. मी वाचलं ते 'सारख्या प्रमाणात', आणि आमच्या घराने ऐकलं ते 'चालत नाही'. आत्याला दोष देत नाही, मीही तेच ऐकलं. माझंही सगळं आयुष्य 'चालतं' आणि 'चालत नाही' यांतच गेलेलं. दुसऱ्या दिवशी कीरैवाली, म्हणजे पालेभाज्या विकणारी, टोपली घेऊन दारात आली. आत्याने तिला गेटच्या आतही येऊ दिलं नाही. मागच्या अंगणातल्या शेवग्याच्या फांद्या उतरवून शेजाऱ्यांना वाटल्या, घरात मोह नको म्हणून. पोन्नांगण्णी, राजगिरा, शेवगा, सगळं बंद. नवरा कुरकुरला तर त्याला सांगितलं, "तुज्या बाइलीचा जीव मोठा की कीरै मोठी?"

आणि आकडा नाचायला लागला.

एका सोमवारी दोन पॉइंट सहा, पुढच्या सोमवारी दीड. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मग चार पॉइंट दोन, दात घासताना हिरड्यांतून रक्त. गोळी कमी केली. मग पुन्हा दीड. डॉक्टर फोनवर रोज काय खाल्लं ते विचारायच्या. मी जेवणाची वही ठेवली होती आणि प्रामाणिकपणे वाचून दाखवायचे. हॉस्पिटलातल्या आहार सांगणाऱ्या मुलीने तर आत्यालाच फोनवर घेऊन विचारलं, "पाटी," म्हणजे आजी, "घरात कीरै करता का?" आत्या दुखावल्या आवाजात म्हणाली की या घरात कीरै येऊन दोन महिने झाले, हवं तर येऊन बघ.

सप्टेंबरच्या सुरुवातीला डॉपलर झाली. डॉपलर म्हणजे एक प्रकारची सोनोग्राफीच, पण तिच्यात शिरेतलं रक्त वाहताना दिसतं आणि ऐकूही येतं. जाळीच्या कडेला छोटी गाठ दिसली. डॉक्टरांनी या वेळी कागदावर चित्र काढलं नाही. पोटात घ्यायची इंजेक्शनं लिहून दिली, आणि म्हणाल्या, पाच आठवड्यांनी पुन्हा बघू. तोवर आकडा स्थिर राहिला आणि वाट मोकळी राहिली तर छान. जाळी बुजली तर मात्र आणखी मोठ्या गोष्टींचा विचार करावा लागेल, कदाचित यकृत बदलण्याचा. परतीच्या बसमध्ये मी खिडकीतून हिरवी भातं बघत होते आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. मुलीचं कॉलेज संपलेलं मला बघायचं होतं. पुढच्या जूनचं पाणी बघायचं होतं. आत्या शेजारी बसून बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं जप करतेय.

ती एकादश्या मोजत होती, हे मला नंतर कळलं.

तीन आठवडे असेच गेले. आकडा ऐकेना. मग मी ऑफिसातून आलेखाचा कागद आणला आणि जूनपासूनचे सगळे आकडे मांडले. कालव्यात पाणी कमी-जास्त झालं की आम्ही हेच करतो. आधी रेघ काढायची, मग वर कोण शटर हलवतंय ते शोधायचं. रेघ निघाली आणि मी बघतच राहिले. गोळीचे बदल बाजूला काढले तर खाली जाणारी सगळी टोकं साधारण पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरावर होती. नवऱ्याने खांद्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं की हे भरती-ओहोटीचं आहे का. मी त्याला हसले, पण दोन दिवस माझ्या डोक्यात चंद्रच फिरत होता. इंजिनिअर बाई चंद्रावर संशय घेते, हे कुणाला सांगणार.

त्याच आठवड्यात द्वादशी आली. एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सोडायचा, त्याला पारणं म्हणतात, आणि आमच्याकडे पारण्याचं पान ठरलेलं असतं. आवळ्याची पचडी, सुंडक्कायची तळलेली कडू फळं, चिंच अजिबात नाही, आणि अगत्तीची भाजी. अगत्ती म्हणजे हादग्याचा पाला. मूगडाळ आणि ओलं खोबरं घालून केलेला. आमच्या विहिरीजवळ अगत्तीचं झाड आहे, ते पारण्यासाठीच. इतर दिवशी त्याला कुणी हात लावत नाही. एकादशी मी करत नाही, पण द्वादशीचं पान जन्मापासून चुकवलेलं नाही.

सकाळचे साडेसहा झाले होते. मी पानावर बसले होते आणि बाजूला आलेख पसरला होता. पुढचं टोक कुठे येईल त्यावर पेन्सिलीने खूण करत मी जेवत होते. हिशोबाने या शुक्रवारी-शनिवारी आकडा पडायला हवा. आत्या वाढायला आली. पळीभर अगत्ती तिने आधीच वाढली होती, आता दुसऱ्यांदा वाढली, मग तिसऱ्यांदा.

"पुरे आत्या."

"खा गे. उपासाचं पोट गार करते अगत्ती. आजच मिळते. मग पंधरा दिवस नाही."

माझा घास हातातच राहिला. मी पानाकडे पाहिलं. हिरवागार ढीग. मग आलेखाकडे पाहिलं.

"आत्या, ही कीरै आहे," मी म्हणाले.

"कीरै कुठली? पारणं अहे ते."

मी उठून, उष्ट्या हातानेच, जेवणाची वही आणली. दर पंधरा दिवसांनी, माझ्याच अक्षरात, सकाळच्या जेवणापुढे एकच शब्द लिहिलेला होता: पारणं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. डॉक्टरांना तो मी फोनवर वाचूनही दाखवला होता. त्यांना आणि त्या आहार सांगणाऱ्या मुलीला वाटलं असणार, उपास सोडला म्हणजे दूध-फळं. आणि मला, पंचवीस वर्षं लोकांना नीट नोंदी ठेवा म्हणून ओरडणाऱ्या बाईला, त्या शब्दात पाला आहे हे कधी सुचलंच नाही. देवाचं होतं ते. देवाचं जेवण भाजी कशी असेल?

आत्याला मी आलेख दाखवला. एकेक टोकावर बोट ठेवून सांगितलं, ही आषाढातली द्वादशी, ही त्यानंतरची, ही श्रावणातली. तिला रेघा कळल्या नाहीत, पण तिथ्या कळल्या. ती भिंतीला टेकून खाली बसली. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. माझा वडिकाल मोकळा राहावा म्हणून तिने जूनपासून नवस धरला होता. प्रत्येक एकादशी माझ्या नावाने, आणि पारण्याचा मोठा वाटा माझ्या पानात. म्हणून तो ढीग वाढत चालला होता. गाठ दिसल्यावर तर तिने तो दुप्पट केला होता.

"म्हंजे मीच," ती म्हणाली.

"आपण दोघींनी," मी म्हटलं. मला तिच्याबद्दल एवढं वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी नाचावंसं वाटत होतं. शटर कोण हलवतंय ते सापडलं होतं.

डॉक्टर फोनवर खूप हसल्या. म्हणाल्या, माझीही आई द्वादशी करते, तरी मला सुचलं नाही. मग गंभीर होऊन नीट सांगितलं. तेरा दिवस शून्य आणि एक दिवस ढीग, यानेच घात झाला. पाला वाईट नाही. शरीराला रोज तेवढाच मिळाला की गोळी त्याप्रमाणे बसवता येते. रोज दुपारी एक वाटी, कमी नाही, जास्त नाही. "आणि रोज म्हणजे रोज," त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या उपासाच्या दिवशीही."

हे मी आत्याला सांगितलं. तिने मान हलवली. त्यानंतरचे बारा-तेरा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पण रोज दुपारी ऑफिसच्या डब्यात एक वाटी अगत्ती असायची, काठोकाठ, वर चमच्याने सपाट केलेली. जे झाड पन्नास वर्षं फक्त द्वादशीला तोडलं जायचं, ते ती रोज सकाळी तोडत होती. पहिल्या सोमवारी आकडा दोन पॉइंट दोन आला. दुसऱ्या सोमवारी दोन पॉइंट चार. मी आल्या आल्या तिला सांगितलं. ती "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पाच आठवड्यांनंतरची डॉपलर ज्या गुरुवारी होती, त्या दिवशी एकादशी आली. मी आत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की तपासणीआधी सहा तास मलाही काही खायचं नाही, नंतर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जी मिळेल ती पालेभाजी वाटीभर खाईन, चूल पेटवायचा प्रश्नच नाही. सकाळी मी उठले तेव्हा स्वयंपाकघर पुसलेलं, ओटा कोरडा, सगळं एकादशीसारखं. ती आंघोळ करून, खांद्याला कापडी पिशवी लावून दारात उभी. "मी येते," म्हणाली. नवऱ्याला आम्ही घरीच ठेवलं, तिथे पडला तर कोण उचलणार.

डॉपलरच्या खोलीत तिला आत येऊ दिलं. मी आडवी, पोटावर गार जेल, आणि ती कोपऱ्यात स्टुलावर, पिशवी मांडीवर. तपासणारे डॉक्टर बराच वेळ यंत्राचं टोक पोटावर नुसतं फिरवत राहिले. माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्यावर होतं आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला, खालून वर जाणारा, भरलेला, न थांबणारा.

"ते काय?" आत्याने विचारलं.

"जाळीतून जाणारं रक्त," ते म्हणाले. "छान चाललंय. गाठ दिसत नाही."

आत्या उठून पडद्याजवळ आली. तिने आयुष्यात शेकडो वेळा कालव्याच्या शटरखालून पाणी पडताना ऐकलं होतं, तो आवाज तिला माहीत होता. ती वाकून ऐकत राहिली. मग मला विचारलं, "अस्की वाट मोकळी?"

"सगळी मोकळी, आत्या."

तिने त्या डॉक्टरांना तमिळमध्ये, फार आदबीने, विचारलं की आवाज पुन्हा एकदा लावता येईल का. त्यांनी लावला. मी उताणी पडून रडत होते, आणि जेल कानापर्यंत आलं होतं, आणि मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी कँटीनकडे वळले. तिने माझा दंड धरला आणि मला कॉरिडॉरमधल्या बाकावर बसवलं. पिशवीतून दोन पुडांचा डबा काढला. वरच्या पुडात अगत्ती, सपाट केलेली, एक वाटी. खालच्या पुडात भात. अजून कोमट होता. पहाटे माझ्या उठण्याआधी तिने चूल पेटवली होती, शिजवलं होतं, आणि ओटा पुन्हा कोरडा पुसून ठेवला होता.

मी भाताकडे बघत राहिले. तिला ते कळलं.

"पापांचं मी बघते," ती म्हणाली. "तू जेव. नाहीतर आकडा हलेल."

मी जेवायला लागले. ती शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत होती, ओठ उपासाने सुकलेले, पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. पन्नास वर्षांत एकादशीच्या दिवशी शिजवायची सवय नव्हती, त्यामुळे तिचा हात चुकला असावा. मला चालतं तेवढं चिमूटभर मीठही भाजीत पडलेलं नव्हतं. खोबरंही घालायचं राहिलं होतं.

"मीठ बरं अहे?" तिने विचारलं.

"बरं आहे," मी म्हटलं, आणि वाटी पुसून खाल्ली.